छोट्याला सवलत, वाढत्याला दंड

दारूवरच्या कराचा विषय निघाला, की आपल्याकडे बोलणे दोनच वाटांनी जाते. एक वाट नीतीची. दारू वाईट, तेव्हा तिच्यावर कर बसवावा तेवढा थोडाच! दुसरी वाट तिजोरीची. सरकारला पैसा हवा, आणि पिणारा माणूस काही मोर्चा घेऊन मंत्रालयावर जाणार नाही. तेव्हा चार पैसे वाढवा आणि मोकळे व्हा. दोन्ही वाटा जुन्या आणि मळलेल्या. आज रविवारच्या सकाळी, घरातल्या आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या हातांतून फिरणाऱ्या या पुरवणीत, मी वाचकांना तिसऱ्याच एका आडवाटेने नेणार आहे. ही वाट इंग्लंडातून जाते, बिअर तयार करणाऱ्या छोट्या कारखान्यांच्या दारांवरून जाते आणि जाता जाता आपल्या भोसरी-चिंचवडच्या गाळ्यांनाही वळसा घालते.

आधी एक खुलासा करतो. मी बिअर पीत नाही. एकदा घोटभर घेऊन पाहिली, तेव्हा कडू काढ्याची आठवण झाली आणि प्रकरण तिथेच मिटले. माझा धंदा आकडेमोडीचा. तीसएक वर्षे छोट्या कारखान्यांचे हिशेब पाहिले, उत्पादनखर्चाचे तक्ते मांडले, अबकारी खात्याची विवरणपत्रे भरली. त्यामुळे एखाद्या धंद्यात सरकारने सवलत दिली असे कळले, की माझी नजर पहिल्यांदा सवलतीच्या रकमेकडे जात नाही. ती कुठे संपते, हे मी आधी पाहतो. कारण सवलत जिथे संपते, तिथेच उद्योजकाच्या मनात काय चालले आहे ते कळते. ब्रिटनमधल्या छोट्या ब्रुअरींना मिळणाऱ्या करसवलतीची गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती याच कारणाने.

सहा बडे आणि बाकीचे

थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस वर्षांत ब्रिटनमधला बिअरचा धंदा एकवटत गेला. गावोगावच्या जुन्या ब्रुअरी विकत घेतल्या गेल्या, बंद पडल्या, आणि शेवटी सहा बड्या कंपन्यांच्या हाती बहुतेक बाजार गेला. नुसती बिअरच त्यांची होती असे नाही. जिथे ती विकली जाई ते पबही त्यांचेच होते. पबचालकाने मालक-कंपनीचीच बिअर विकायची, असा करार असे. गावातला एखादा हौशी माणूस कितीही चांगली बिअर करू लागला, तरी ती ठेवायची कुठे हा प्रश्न होताच.

या एकसुरी कारभाराविरुद्ध १९७१ मध्ये चार मित्रांनी एक चळवळ सुरू केली. तीच पुढे ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’, म्हणजे ‘कॅमरा’ या नावाने प्रसिद्ध झाली. ग्राहकांनी आपल्या आवडीच्या पेयासाठी उभारलेली ही चळवळ बघता बघता मोठी झाली. पाठोपाठ उत्पादकही पुढे आले. पीटर ऑस्टिन नावाचे अनुभवी ब्रुअर मोठ्या ब्रुअरीतली नोकरी संपल्यावर स्वस्थ बसले नाहीत. १९७८ मध्ये त्यांनी हॅम्पशायरमधल्या रिंगवूड या गावी स्वतःची छोटी ब्रुअरी काढली आणि नंतर देशोदेशीच्या कितीतरी लोकांना अशा ब्रुअरी उभारून दिल्या. १९८० मध्ये छोट्या ब्रुअरींची संघटना स्थापन झाली. ‘सीबा’ हे तिचे नाव, आणि ऑस्टिन तिचे पहिले अध्यक्ष.

या संघटनेची मागणी साधी होती. कर सर्वांना सारखा, हे ऐकायला न्याय्य वाटते. पण उत्पादनखर्च सर्वांना सारखा नसतो. एका वेळी हजार लिटर बिअर शिजवणाऱ्याला जेवढे तास उभे राहावे लागते, जवळजवळ तेवढेच तास लाख लिटर शिजवणाऱ्याच्या माणसाला लागतात. छोटा माणूस माल्ट म्हणजे मोड आणून भाजलेले सातू पोत्याने घेतो, बडी कंपनी ते ट्रकने घेते. पिंपे धुणे, तपासणी, कागदपत्रे हा सगळा खर्च थोड्या मालावर पडला की जड होतो. तेव्हा उत्पादनाच्या प्रमाणात कर लावा, असे ‘सीबा’ वीस वर्षे सांगत राहिली. युरोपीय समुदायाने १९९२ च्या एका निर्देशाने सदस्य देशांना तशी मुभाही दिली होती. वर्षाला दोन लाख हेक्टोलिटरपर्यंत उत्पादन करणाऱ्या स्वतंत्र ब्रुअरींना कर कमी लावावा, मात्र तो नेहमीच्या दराच्या निम्म्याखाली जाऊ नये, अशी ती तरतूद होती. ब्रिटनने ही मुभा वापरायला आणखी दहा वर्षे घेतली. अखेर २००२ मध्ये त्या वेळचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी छोट्या ब्रुअरींसाठी करसवलत लागू केली.

तिचा परिणाम डोळ्यांत भरण्याजोगा झाला. २००२ च्या सुमारास चार-पाचशेच्या घरात असलेल्या ब्रुअरींची संख्या पुढच्या दीड-दोन दशकांत दोन हजारांच्या घरात गेली. बंद पडलेल्या गिरण्या, रेल्वे पुलाखालच्या कमानी, शेतावरची कोठारे, जिथे जागा मिळेल तिथे भांडी चढली. कोणी शिक्षकी सोडली, कोणी बँकेतली नोकरी. माझ्या मते करसवलतीने उद्योग उभे राहतात याचा याहून स्वच्छ दाखला सहज सापडायचा नाही.

सवलतीचा हिशेब

आता थोडी आकडेमोड. वाचकहो, कंटाळू नका. सगळी गोम याच आकड्यांत आहे.

एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर. २००२ च्या योजनेप्रमाणे वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपर्यंत, म्हणजे पाच लाख लिटरपर्यंत, उत्पादन करणाऱ्या ब्रुअरीला कर निम्मा. पबमधल्या पिंटच्या मापात हे साधारण पावणेनऊ लाख पिंट होतात. २०१७ पासून २०२३ च्या जुलैपर्यंत कराचा नेहमीचा दर हेक्टोलिटरमागे, मद्यार्काच्या प्रत्येक टक्क्याला, १९.०८ पौंड होता. चार टक्के मद्यार्काच्या साध्या बिअरवर हा कर हेक्टोलिटरला सुमारे ७६ पौंड आणि पिंटला ४३ पेन्स पडे. छोट्याला यातले निम्मेच भरावे लागत. पूर्ण ५,००० हेक्टोलिटर काढणाऱ्या ब्रुअरीची वर्षाची बचत झाली सुमारे १ लाख ९० हजार पौंड. आठ-दहा माणसांच्या कारखान्याला एवढी रक्कम म्हणजे त्याचा श्वासच!

पण ५,००० नंतर काय? इथे योजनेला एक कोपरा होता. त्यापुढे सवलतीची एकूण रक्कम गोठत असे. म्हणजे आधीच्या ५,००० वरची बचत कायम, पण पुढच्या प्रत्येक हेक्टोलिटरवर कर पूर्ण. पुढे २००४ पासून ही सवलत ३०,००० ते ६०,००० हेक्टोलिटरच्या दरम्यान हळूहळू काढून घेतली जाऊ लागली. या टप्प्यातली गंमत आणखी न्यारी. इथे एक हेक्टोलिटर जास्त काढला, तर त्यावर पूर्ण कर तर भरायचाच, शिवाय आधी मिळालेल्या सवलतीतला थोडा हिस्साही परत द्यायचा. म्हणजे या मधल्या कारखानदाराला वाढीच्या प्रत्येक लिटरवर बड्या जागतिक कंपनीपेक्षाही जास्त कर! छोट्याला हात देण्यासाठी काढलेली योजना आणि तिच्यात वाढणाऱ्याच्या डोक्यात टपली, असा हा प्रकार.

एकत्र येण्याचेही तेच. शेजारशेजारच्या दोन ब्रुअरी आहेत, दोघींचे उत्पादन पाच-पाच हजार. दोघींना मिळून वर्षाला ३ लाख ८० हजार पौंडांची सवलत. दोघांनी ठरवले, की एकच भांडीकुंडी, एकच गाडी ठेवू, खर्च वाचवू. झाले! एकत्र उत्पादन दहा हजार, सवलत मात्र एकाचीच. भागीदारीची पहिली भेट म्हणून १ लाख ९० हजारांचा फटका. मग कोण कशाला एकत्र येईल?

२०१९ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे लीड्सला गेलो होतो. जावयाच्या ओळखीने एका छोट्या ब्रुअरीत जाण्याचा योग आला. औद्योगिक वसाहतीतला पत्र्याचा गाळा, बाहेर एक जुनी व्हॅन, आत ओल्या सातूचा वास. भोसरीतून उचलून आणून ठेवावा असा तो गाळा होता. मालक पन्नाशीचे गृहस्थ, हातात रबरी बूट धुण्याचा ब्रश. मी धंद्याचा माणूस म्हटल्यावर मोकळेपणाने बोलू लागले. वर्षाचे उत्पादन किती, असे विचारले, तर म्हणाले, “अठ्ठेचाळीसशे.”

“मागणी एवढीच आहे का?”

“मागणी सहा-साडेसहा हजारांची आहे. एका दुकानसाखळीने विचारलेही होते.”

“मग?”

त्यांनी खिडकीच्या काचेवर बोटाने एक आडवी रेघ ओढली. “ही माझी रेघ. हिच्या वर गेलो, की जवळजवळ सगळ्या जादा मालावर पूर्ण कर. नवी टाकी घ्यायची तर कर्ज. दुकानवाला भाव पाडून मागणार. मी तीन वेळा गणित मांडून पाहिले. तिन्ही वेळा उत्तर आले, की गप्प बैस.”

मला हसू आले नाही. हे वाक्य मी मराठीत इतक्या वेळा ऐकले होते, की ते इंग्रजीत ऐकताना परके वाटेना.

आपली ‘दीड कोटीची’ रेघ

आपल्याकडे केंद्रीय अबकारी कर असताना लघुउद्योगांना एक सवलत होती. २००७ पासून ती अशी, की वर्षाच्या पहिल्या दीड कोटी रुपयांच्या मालावर कर माफ. मात्र आदल्या वर्षीची उलाढाल चार कोटींच्या वर गेलेली नसावी. हेतू चांगला. पण दर वर्षी फेब्रुवारी-मार्च आला, की गाळ्यागाळ्यांतून एकच प्रश्न ऐकू येई, “साहेब, आकडा कुठवर आलाय?” आकडा रेघेजवळ आला असेल, तर माल तयार असून बिल एप्रिलवर ढकलायचे. गिऱ्हाईक ओरडले तर ओरडू दे. कोणी बायकोच्या नावाने शेजारचा गाळा घेई, कोणी मेव्हण्याच्या नावाने. मग खात्याचे अधिकारी दोन्ही गाळ्यांतले विजेचे मीटर, कामगार आणि हिशेबनीस एकच आहेत का ते पाहत आणि दोन्ही युनिटांचे ‘क्लबिंग’ करून नोटीस काढत. ज्या माणसाने लेथसमोर उभे राहून नवे काही करायचे, तो वकिलासमोर बसून राही.

२०१७ मध्ये जीएसटी आला आणि ती सवलत गेली; पण रेघा काही गेल्या नाहीत. वस्तूंच्या व्यापाऱ्याला बहुतेक राज्यांत नोंदणीसाठी चाळीस लाखांची रेघ आहे, कंपोझिशन योजनेला दीड कोटींची. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या व्याख्या तर २०२० मध्ये बदलल्या आणि १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा पुन्हा वाढल्या. लघुउद्योगाची उलाढालीची मर्यादा आता शंभर कोटी आहे. मर्यादा वाढवली याचे स्वागत. पण रेघ वर सरकवली, म्हणजे तिच्यापाशी अडणारी माणसे बदलतात; अडणे थांबत नाही.

मुद्दा असा, की यॉर्कशायरचा तो ब्रुअर आणि भोसरीचा आमचा टर्नर हे एकाच रेघेशी थबकलेले दोन जीव आहेत. दोघेही आळशी नाहीत, दोघेही लबाड नाहीत. सरकारने त्यांना जे गणित घातले, त्याचे त्यांनी बरोबर उत्तर काढले, एवढेच.

कोपरा घासला, पण कोणाच्या खर्चाने?

हा कोपरा ब्रिटनमध्येही अनेकांना टोचत होता. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या काही मध्यम ब्रुअरींनी एकत्र येऊन आघाडी केली. त्यांचे म्हणणे असे, की अगदी छोट्यांना निम्मा कर, बड्यांना त्यांच्या आकारामुळे कमी खर्च. मधल्या मध्ये आम्ही भरडलो जातो. निम्म्या कराच्या जोरावर छोटे भाव उतरवतात, तो भाव आम्हाला परवडत नाही. या तक्रारीत तथ्य होते. अर्थखात्याने २०१८ मध्ये फेरविचार हाती घेतला.

आणि निर्णय जाहीर केव्हा केला? २१ जुलै २०२० रोजी! मार्चपासून कोरोनामुळे बंद असलेले इंग्लंडमधले पब ४ जुलैला कुठे उघडले होते. पिंपांतली नासलेली बिअर गटारात ओतून ब्रुअरीवाले जेमतेम उभे राहत होते. त्या आठवड्यात सरकारने सांगितले, की निम्म्या कराची हद्द आता ५,००० ऐवजी २,१०० हेक्टोलिटरवर आणणार. तिथून पुढे मात्र सवलत एकदम न तुटता उतरत्या फळीवरून जावी तशी कमी होत जाईल. अत्यंत छोट्यांना धक्का नाही, वरच्यांना दिलासा. मात्र २,१०० ते ५,००० या पट्ट्यातले, म्हणजे वीस वर्षांत शून्यातून उभे राहून जरा बाळसे धरलेले जे होते, त्यांनी आता जास्त कर भरायचा.

साहजिकच मोठी आरडाओरड झाली. पुढे ती हद्द थोडी वर सरकवण्यात आली. २०२१ च्या ऑक्टोबरात ऋषी सुनाक यांनी अर्थमंत्री या नात्याने मद्यावरच्या सगळ्याच करांची नवी रचना मांडली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ती अमलात आली. आता ही सवलत एकट्या बिअरची राहिली नाही. साडेआठ टक्क्यांपेक्षा कमी मद्यार्क असलेले कोणतेही पेय करणाऱ्या छोट्या उत्पादकाला ती मिळते. मोजमापही बिअरच्या लिटरवर नाही, तर तिच्यातल्या शुद्ध मद्यार्कावर आहे. वरची मर्यादा वर्षाला ४,५०० हेक्टोलिटर शुद्ध मद्यार्क. चार टक्क्यांच्या बिअरमध्ये मोजले तर हे सव्वा लाखाच्या जरा खाली, १ लाख १२ हजार हेक्टोलिटर होतात. म्हणजे जुन्या ६०,००० च्या जवळपास दुप्पट.

या सुधारणेची स्तुती करावी तेवढी केली पाहिजे. फळी उतरती केली, हे बरोबर. वाढणाऱ्याला दंड नको, हे तत्त्व मान्य केले, तेही बरोबर. एकत्र येणाऱ्या ब्रुअरींना काही वर्षे सांभाळून घेण्याची तरतूद ठेवली, हे शहाणपणाचे. मद्यार्क कमी ठेवणाऱ्याला फायदा, हेही आरोग्याच्या दृष्टीने योग्य. माझे भांडण आहे ते एकाच गोष्टीशी. फळीला लागणारे लाकूड सरकारने स्वतःच्या कोठारातून आणले नाही. ते खालच्या मजल्यावर राहणाऱ्याच्या जमिनीतून उपटले. मधल्यांना न्याय द्यायचा होता, तर तो तिजोरीतून द्यायचा होता. तसे न करता एका छोट्याचा घास काढून जरा मोठ्या छोट्याला वाढला, आणि त्याला सुधारणा म्हटले.

बड्या कंपन्यांचे यात काय गेले? काहीच नाही. ही वाटावाटी साऱ्या छोट्या-मध्यमांच्या पंगतीतच झाली. बाहेर ओसरीवर बसलेल्यांच्या ताटाला कोणी हात लावला नाही.

तळघर न पाहता केलेले नियम

कागदावरचे नियम आणि गाळ्यातले वास्तव यांत किती अंतर असते, याचा एक नमुना याच सुधारणेत सापडतो. पबमध्ये नळाने विकल्या जाणाऱ्या बिअरला वेगळी सवलत देण्याचे सरकारने ठरवले. कल्पना उत्तम, सुपरमार्केटमधल्या स्वस्त डब्यांपुढे गावचा पब टिकावा. पण २०२१ च्या प्रस्तावात अट घातली, की पिंप किमान चाळीस लिटरचे हवे. छोट्या ब्रुअरी तर तीस लिटरची किंवा त्याहून लहान पिंपे सर्रास वापरतात. गिऱ्हाईक थोडे, मोठे पिंप संपेपर्यंत बिअर शिळी होते. म्हणजे गावच्या पबसाठीची सवलत नेमकी गावच्या ब्रुअरीला मिळेना! ओरड झाल्यावर अट वीस लिटरवर आली. एखाद्या अधिकाऱ्याने आधीच एका पबच्या तळघरात उतरून पिंपे मोजली असती, तर हे सारे टळले असते.

ज्या दिवशी नवी रचना लागू झाली, त्याच दिवशी बाटल्या आणि डब्यांतल्या बिअरवरचा नेहमीचा दरही १९.०८ वरून २१.०१ पौंडांवर गेला. त्याआधीच युक्रेनच्या युद्धामुळे वीज, गॅस आणि माल्ट महागले होते. कोरोनाच्या काळातली कर्जे फेडायची होतीच. याचा परिणाम असा, की वीस वर्षे वाढत गेलेला ब्रुअरींचा आकडा खाली येऊ लागला. नव्या निघणाऱ्यांपेक्षा बंद पडणाऱ्या जास्त. पीटर ऑस्टिन यांची रिंगवूडची ती ब्रुअरी २००७ मध्ये एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती. २०२४ च्या सुरुवातीला तिथले उत्पादन थांबवण्यात आले.

हे सारे करसवलतीतल्या बदलामुळेच झाले, असे मी म्हणणार नाही. हिशेबनिसाने असे सोपे आरोप करू नयेत. छोट्या ब्रुअरीचे खरे दुखणे बाजाराचे आहे. १९८९ मध्ये सरकारने बड्या ब्रुअरींना दोन हजारांपेक्षा जास्तीच्या पबांवरची पकड सैल करायला लावली, तेव्हा वाटले होते की छोट्यांना दारे उघडली. प्रत्यक्षात ते पब मोठाल्या पब-कंपन्यांनी घेतले. त्या आपल्या पबचालकांना आपल्याच यादीतून माल घ्यायला लावतात आणि ब्रुअरीकडून भाव पाडून घेतात. “तुम्हाला कर निम्मा आहे ना, मग भाव कमी करा,” असे म्हणून छोट्याची सवलत परस्पर तिसऱ्याच्या खिशात जाते. पण म्हणूनच, ज्याच्या हाती भाव नाही, खर्च नाही, फक्त सवलतीचा आधार आहे, त्याचा तो आधार वादळाच्या मध्यावर हलवू नये. तुळई बदलायची असेल, तर ती पावसाळ्यात बदलत नाहीत.

दारूला सवलत कशाला?

आता घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न मला ऐकू येतो आहे. दारू करणाऱ्याला सवलत द्यायचीच कशाला? मेले ते कारखाने तर बरेच झाले!

प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. दारूने संसार उद्ध्वस्त झालेले मी पाहिले आहेत. पण ही सवलत पिण्याला नाही. ती करणाऱ्याच्या आकाराला आहे. ती काढून घेतली म्हणून कोणी एक पेला कमी पिणार नाही. पिणारा बड्या कंपनीचा पेला उचलेल. ब्रिटनमध्ये ब्रुअरींची संख्या चौपट झाली त्या काळात देशातला बिअरचा एकूण खप घटतच होता. कारखाने वाढले म्हणून पिणे वाढले, असे झालेले नाही. ज्यांना दारूबंदी हवी, त्यांनी ती उघड मागावी. ते एक प्रामाणिक मत आहे. पण बंदी नको असेल आणि धंदा चालणारच असेल, तर तो चार जागतिक कंपन्यांनी चालवावा की चारशे गावांतल्या माणसांनी, हा प्रश्न उरतोच. आपल्या महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणून वाइनला उत्पादन शुल्कात माफी दिली, तेव्हा हाच विचार होता. नाशिकच्या मळ्यातल्या द्राक्षाला आणखी एक गिऱ्हाईक मिळावे, हा त्यामागचा हेतू. तिथेही उद्या कोणी सवलतीला रेघ मारील. तेव्हा कोणाच्या ताटातून कोणाला वाढले जाते आहे, हे पाहायला हवे.

म्हणून सवलत कशी असावी, याच्या माझ्या चार अटी आहेत. त्या बिअरला लागू आहेत, वाइनला आहेत आणि भोसरीतल्या बोल्टनटालाही आहेत.

पहिली, सवलत संपताना पायरी नको, उतार हवा. एक नग जास्त केला म्हणून माणसाचे उत्पन्न घटता कामा नये. दुसरी, उतार करायला लागणारा पैसा तिजोरीतून यावा. आधीच्या लाभार्थ्याच्या खिशातून नव्हे. ज्याने सरकारच्या शब्दावर कर्ज काढून टाकी घेतली, त्याच्याशी केलेला तो एक करारच असतो. तिसरी, बदल करायचा तर काही वर्षे आधी सांगा आणि धंदा सावरलेला असताना करा. पब उघडल्यावर सतराव्या दिवशी नव्हे. चौथी, नियम लिहिणाऱ्याने एकदा तरी गाळ्यात जाऊन उभे राहावे. तिथे त्याला पिंपे किती लिटरची आहेत ते दिसेल, आणि ज्या गिऱ्हाइकाचे पैसे अजून यायचे आहेत त्याच्या मालावरचा कर मालकाने आधीच भरला आहे, हेही दिसेल.

आपल्याकडे ‘लघुउद्योग वाचवा’ हे वाक्य प्रत्येक अर्थसंकल्पाच्या भाषणात असते. वाचवणे म्हणजे त्याला लघूच ठेवणे, असा अर्थ आपण नकळत घेतलेला आहे. मुलाला चालायला शिकवताना आपण त्याचे बोट धरतो. पण तो धावू लागला की त्याच्या पायात पाय घालत नाही. ब्रिटनच्या सरकारने पायात घातलेला पाय काढला, हे चांगलेच झाले. मात्र तो काढताना धाकट्याचे बोट सोडले. आपल्या अर्थमंत्र्यांनी आणि आपल्या राज्याच्या उत्पादन शुल्क खात्यानेही पुढच्या खेपेस सवलतीची रेघ सरकवताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रेघेच्या अलीकडे किती जण थांबून राहिले आहेत आणि का, एवढे मोजले तरी निम्मे काम होईल. तो आकडा सरकारदरबारी विवरणपत्रांत पडलेलाच आहे. कोणी तरी तो काढून पाहायला हवा.